पिवळी पाटी आणि पाण्याची पाळी

आमच्या घराच्या मधल्या खोलीत पदवीचा एकच कागद फ्रेम करून लावलेला आहे आणि तो माझा आहे. हे सांगताना काही लोक अवघडतात. मी नाही अवघडत. मायची शाळा चौथीत सुटली, वडिलांची सातवीत. मी बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटरमध्ये, आणि पहिल्या वर्गात. फ्रेमचा खिळा वडिलांनी स्वतः ठोकला. तो तिरपा बसला, पण काढून सरळ ठोकायचं कोणाच्या मनात आलं नाही.

नोकरी पुण्यातल्या एका कंपनीची, काम मात्र घरून. आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्यापासून अर्ध्या तासावर. दिवसा मोबाईलचं नेट बैलगाडीच्या चालीनं चालतं; पहाटे चारला सगळं गाव निजलेलं असतं तेव्हा पळतं. म्हणून मी चारला उठते. मायही तेव्हाच उठते. ती चूल पेटवते, मी लॅपटॉप. तो जुना आहे, जड काम झेपत नाही. म्हणून कंपनीनं दुसऱ्या कुठल्यातरी देशातला एक कॉम्प्युटर मला भाड्यानं घेऊन दिला आहे. काम सगळं त्याच्यावर चालतं, माझ्या लॅपटॉपवर फक्त त्याची खिडकी उघडते. मायला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे घर दुसरानं, आन् तू खिडकीमातून दखस." याच्याहून सोपं कोणी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

वडील गावच्या उपसा सिंचन सोसायटीत पाटकरी आहेत. तापीचं पाणी मोटारीनं उपसून पाइपातून शेतांवर येतं. त्या पाइपाचे व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि आज पाणी कोणाचं हे सांभाळायचं, हे त्यांचं काम. एका लाइनीवर बारा शेतकरी, प्रत्येकाची एक दिवसाची पाळी. ही यादी मोटारघराच्या भिंतीवर काळा रंग मारून केलेल्या फळ्यावर खडूनं लिहिलेली असायची. फळा बाहेरच्या अंगाला होता. एकदा एका म्हशीनं तिथे पाठ घासली आणि तीन जणांच्या पाळ्या तिच्या पाठीवर निघून गेल्या.

त्या म्हशीवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाऊण तास वाद झाला. वडील मीटिंगमध्ये कधी बोलत नाहीत. दाराजवळ बसतात, चहा आला की कप पुढे सरकवतात. त्या दिवशी ते उभे राहिले आणि म्हणाले, "मन्ही पोर फोनवर करी दी. म्हैसना बाप उना तरी पुसाव नही."

चेअरमन म्हणाले, "मंग करू द्या. एक महिना दखू. जमनं तर उन्हाळाभर फोनवरच पाळी चालाडू. नही जमनं तर फळा शेच."

वडिलांनी घरी येऊन मला सांगितलं, तेव्हा आधी मी चिडले, कारण मला कोणी विचारलंच नव्हतं. मग मला एवढा आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी बसले. कॉलेजात शिकले, नोकरी लागली, पण गावाच्या उपयोगाचं असं माझ्या हातून काही झालं नव्हतं. लोक विचारायचे, "पोर काय करस?" वडील सांगायचे, "कॉम्प्युटरवर बठस." बसते म्हणजे काय करते, हे आता दिसणार होतं.

पान मी अगदी साधं केलं, कंपनीला विचारून त्याच भाड्याच्या कॉम्प्युटरवर. वर मोठ्या अक्षरात 'आज पाणी कोणाचं', त्याच्या खाली नाव, त्याच्या खाली उद्याचं नाव. बस. लोकांनी फोनवर उघडलं आणि तीन आठवडे छान गेले. एकाचा भाऊ सुरतेला कामाला आहे. तो तिकडून रोज बघायचा आणि घरी फोन करून सांगायचा, "आज आपली पाळी आहे, झोपू नका." त्याच्या घरचे कंटाळून माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, त्याच्या फोनमधून हे काढून टाक."

शेतीची वीज त्या तीन आठवड्यांत दिवसा होती. चौथ्या आठवड्यात ती रात्रीची झाली आणि भांडण आलं.

भांडण दोघांचं. एक आप्पा, म्हणजे गावातले जुने बागायतदार, पपईवाले, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या शेजारचं शेत गुरुजींचं. गुरुजी शाळेत मास्तर आहेत आणि पाच एकर राखून आहेत. यादीत आप्पांचा नंबर आधी, दुसऱ्या दिवशी गुरुजींचा. सकाळी साडेसातला दोघं आमच्या अंगणात उभे. आप्पांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, गुरुजी शाळेच्या कपड्यांत, बॅग खांद्याला.

"रातले यानी मन्हं पानी तोडं!" आप्पा म्हणाले. "पपयाना चार सऱ्या कोरड्या ऱ्हायन्यात."

"आप्पा, मी चोर शे का?" गुरुजींनी फोन पुढे केला. "फोनमा मन्हं नाव व्हतं. मी व्हॉल्व्ह फिरावा."

"फोननं पपई लायी का?"

"पपई तुम्ही लायी, पन नाव मन्हं व्हतं!"

"मंग फोनलेच सांग, निंदाले ये म्हना!"

मायनं दोघांना चहा दिला. दोघांनी तो एकमेकांकडे पाठ करून प्याला. वडील मोटारघरावरून आले, त्यांनी ऐकलं आणि मला एवढंच म्हणाले, "रातनी पाळी आप्पानी व्हती. तुन्हा फोन चुकना."

मी यादी उघडली. आप्पा आधी, गुरुजी नंतर, तारखा बरोबर. तेव्हा मी काढलेला अर्थ असा: आदल्या रात्री माझ्या पानानं केव्हातरी दुसऱ्या दिवसाचं नाव दाखवलं. म्हणजे आत कुठेतरी घोळ आहे. किती वाजता झालं हे आप्पांनी सांगितलं नाही, गुरुजींनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सगळे 'रातले' म्हणाले आणि मी 'रात' ऐकली. ही माझी पहिली चूक. ती तेव्हा कळली असती तर पुढचा आठवडा वाचला असता, आणि हे लिहायलाही काही उरलं नसतं.

महिन्याचा निकाल लावायची मीटिंग रविवारी होती. त्या दिवशी सोमवार.

माझ्या कंपनीतले एक सीनियर पुण्याला असतात. माणूस चांगला, मला कधी गावची म्हणून वेगळं वागवलं नाही. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही ज्या फ्रेमवर्कवर हे बांधलंय त्याची आवृत्ती जुनी झाली. आधी अपग्रेड करा. अर्धे घोळ त्यानंच जातील."

फ्रेमवर्क म्हणजे वेबपान बांधायचा तयार सांगाडा. घर बांधताना चौकटी, तुळया तयार मिळाव्यात, आपण फक्त भिंती घालाव्यात, तसं. मी संध्याकाळी अपग्रेड केलं, पान उघडलं, चाललं. झोपले. मंगळवारी पहाटे चारला उठून बघते तर पानाच्या खाली पिवळ्या पाट्या. एक नाही, ओळीनं पाच.

पाटीवरच्या मजकुराचा अर्थ असा होता: सर्व्हरनं लिहून पाठवलेलं आणि ब्राउझरनं लिहिलेलं जुळत नाही. कुठे जुळत नाही, ते नाही सांगितलं. का जुळत नाही, तेही नाही. त्याच्या खाली सात-आठ शक्यता दिलेल्या, असंही असेल, तसंही असेल. आमच्याकडे कोणाचं जनावर हरवलं की पारावरचे लोक जसे 'नदीकडे गेलं असेल, नाहीतर रस्त्याकडे' असं सांगतात, तितका त्याचा उपयोग.

जुना सांगाडा सगळं पान ब्राउझरमध्येच, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर नाहीतर लोकांच्या फोनवरच लिहायचा. नवा आधी तिकडच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर लिहितो, तयार पान पाठवतो, आणि ब्राउझर ते पुन्हा एकदा लिहून ताडून बघतो. दोन माणसांनी एकच ओळ लिहायची आणि ती जुळली पाहिजे, असा हिशेब. कुठलीतरी ओळ जुळत नव्हती, एवढं कळलं.

मी उतरवलेली सगळी पॅकेजं, म्हणजे सांगाड्याचे तयार सुटे भाग, पुसली आणि पुन्हा उतरवायला लावली. त्याला तास-दीड तास गेला. पान उघडलं तर पाट्या गायब! मी मायला हाक मारून सांगितलं, "माय, गयं ते!" माय भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं व्हयनं, आते तोंड धू."

बुधवारी पहाटे चारला पाट्या हजर. पाचच्या पाच.

आता मला वाटलं, ब्राउझरमध्ये मी काही जोडण्या, म्हणजे एक्स्टेंशन, टाकल्या आहेत, त्या आड येत असतील. एकेक काढली. काढता काढता उजाडलं. पान उघडलं, स्वच्छ. या वेळी मी सीनियरनाही कळवलं, "सर, सापडलं. जोडणीचा दोष होता." त्यांनी अंगठा पाठवला.

गुरुवारी पहाटे पुन्हा. मी पाट्यांचे फोटो काढून त्यांना पाठवले. त्यांनी दहाला ऑफिसात येऊन त्याच कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं आणि मला फोन केला.

"माझ्याकडे तर एकही वॉर्निंग नाही."

"सर, सकाळी होत्या."

"आत्ता बघा ना."

मी बघितलं. नव्हत्या.

"तुमचा लॅपटॉप गरम होत असेल," ते म्हणाले. तो विनोद होता, पण मला लागला. मी म्हटलं, "सर, लॅपटॉप गरम होतो, तो मायच्या चुलीजवळ असतो म्हणून. पाट्या त्यानं येत नाहीत." ते हसले. मग म्हणाले, "वॉर्निंगच आहेत, एरर नाहीत. पान चालतंय ना? सोडून द्या." सोडून द्यायला मी तयार नव्हते. वडिलांनी मीटिंगमध्ये उभं राहून शब्द दिलेला होता. आप्पांच्या चार सऱ्यांचं उत्तर मला अजून मिळालेलं नव्हतं. आणि रविवारी मी लोकांसमोर उभी राहून 'चालतंय, पण पिवळ्या पाट्या का येतात माहीत नाही' असं सांगितलं असतं, तर लोकांनी फळाच निवडला असता. मीही फळाच निवडला असता.

शुक्रवारी पहाटे मी सिमकार्डवर चालणारा राउटर बंद करून चालू केला. वडील मोटारघरावर होते. माय चूल पेटवून धारेची बादली घेऊन निघाली, दारात थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"काबरं त्यानामांगे लागेल शेस? ते आपोआप जाई."

"आपोआप नही जात, माय. मी काही करस तवय जास."

"तू काहीबी कर, नको करू. म्हैसनी धार काढाले जास तवय तुन्हा पडदा पिवळा ऱ्हास. दूध लई येस तवय नही. तीन दिन व्हयनात दखी ऱ्हायनू."

"तू दखी ऱ्हायनी?"

"मंग काय, आंधळी शे? एक दिन तू काही पुसी ऱ्हायनी व्हती, एक दिन काही काढी ऱ्हायनी व्हती. काम तुन्हं येगयेगळं, जावाना टाइम त्याना एकच."

मी बोटांवर मोजलं. मंगळवारी पॅकेजं, बुधवारी जोडण्या, काल तर नुसते फोटो. तिन्ही दिवशी औषध वेगळं आणि गुण येण्याची वेळ एक. ताप उतरायचा तेव्हा उतरतो आणि मान मिळतो शेवटच्या वैद्याला, असं आमच्याकडे हसण्यावारी म्हणतात. मी दोन दिवस स्वतःलाच मान देत होते.

"किती वाजता दूध आणतेस तू?" मी विचारलं.

"घड्याळ म्हैसले इचार. साडेपाच पावणेसहा ले."

शनिवारी पहाटे मी काहीही करायचं नाही असं ठरवलं. हात मांडीवर ठेवून बसायचं. हे किती अवघड असतं ते कॉम्प्युटरवाल्यांनाच कळेल. वडिलांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, तेही पाचला मोटारघरावरून सायकलीनं आले. मायनं त्या दिवशी म्हशीला थोडं ताटकळत ठेवलं. तिघं लॅपटॉपसमोर. माय मध्ये, कारण शोध तिचा होता.

पाच वाजून वीस मिनिटं. पान पुन्हा उघडलं. पाट्या पाच.

पाच पंचवीस. पाच.

"जाई का नही?" वडिलांनी हळू आवाजात विचारलं, जणू मोठ्यानं बोललं तर पाट्या बिचकतील.

पाच एकोणतीस. पाच.

पाच तीस. पान उघडलं. पांढरं, स्वच्छ, एकही पाटी नाही. माय नुसती "हां" म्हणाली आणि बादली घेऊन उठली. तिला जे सांगायचं होतं ते तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

मी मात्र खुर्चीतून उडालेच. साडेपाच! आपल्या देशाचं घड्याळ जगाच्या मूळ घड्याळाच्या साडेपाच तास पुढे आहे, हे मी पाठ केलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, त्याला एक मार्क मिळवलेला होता. भाड्याचा तो कॉम्प्युटर मूळ घड्याळावर चालत होता. आमच्याकडे मध्यरात्री तारीख बदलते, त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. त्याची तारीख बदलायला आमच्याकडे पहाटेचे साडेपाच वाजावे लागतात. तोवर तो कालचं नाव लिहून पाठवायचा, माझा लॅपटॉप आजचं नाव लिहायचा, आणि सांगाडा ओरडायचा की जुळत नाही. साडेपाच वाजले की दोघांची तारीख एक, की पाटी गायब. पुण्याचे सर दहाला येतात. त्यांना ती कधी दिसणारच नव्हती. ती बघायला पहाटे चारला उठावं लागतं.

मी हे सगळं वडिलांना भरभर सांगितलं. "आबा, तो तथला कॉम्प्युटर चुकस. साडेपाच वाजेपर्यंत तो कालदिनच समजस!"

वडिलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"मंग तो बरोबर शे," ते म्हणाले.

"बरोबर कसा?"

"आते कालदिनच शे ना. सहा कुठे वाजनात?"

"आबा, रातले बाराले तारीख बदलस."

"तारीख बदलत व्हई. पाळी सहाले बदलस. सहा वाजेपर्यंत कालदिनना मानूस पानी भरस. बाराले अंधारामा कोन व्हॉल्व्ह फिरावस?" मग ते थांबले. "गुरुजीनी फिरावा. चार वाजता."

"चार वाजता?" मी म्हटलं. "तुम्ही तर रातले म्हनेत!"

"मंग? चार वाजता रातच ऱ्हास."

माझ्या वडिलांनी माझ्या जन्माआधीपासून सकाळी सहाला पाळी बदललेली आहे. लहानपणी मी त्यांच्या सायकलीच्या दांडीवर बसून मोटारघरावर गेलेली आहे, ते व्हॉल्व्ह फिरवायचे आणि मी "आता कोणाचं?" असं ओरडायचे. मला माहीत नव्हतं असं नाही. पान लिहिताना मात्र मी तारीख मागितली, आणि सांगाड्यानं जी तयार तारीख दिली ती घेतली. ती रात्री बाराला बदलते. घरात पाटकरी बसलेला असताना मी त्याला एक प्रश्न विचारला नाही. वीज दिवसा होती तोवर फरक दिसलाच नाही. वीज रात्रीची झाली आणि जो माणूस फोनवर विश्वास ठेवून पहाटे उठला, त्यानं आप्पांचं पाणी तोडलं.

आणि गंमत अशी, की त्या पहाटे विचारलं असतं तर चार वाजता आप्पांचं नाव बरोबर लिहिणारा एकच होता. समुद्रापलीकडचा, मराठी न येणारा, आप्पांना कधी न पाहिलेला तो कॉम्प्युटर. तोही चुकूनच बरोबर. मला हसू फुटलं. वडिलांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, "आबा, आख्खा गावमा आप्पानी बाजू घेवाले एकच जन व्हता, आन् तो परदेशी निंघना." वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. गोठ्यातून मायनं विचारलं, "काय व्हयनं व?"

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. दोन्हीकडे, तिथे आणि इथे, आपलंच घड्याळ धरायचं, आणि दिवस सकाळी सहाला सुरू करायचा. मी ती वडिलांना शेजारी बसवून केली. प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवली. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. "सहाले म्हंजे सहालेच ना? की सहा वाजीसन एक मिनिट?" मी त्यांच्याकडे बघितलं. हा प्रश्न आमच्या कंपनीत विचारायला तीन माणसं लागतात.

रविवारी पहाटे चारला पान उघडलं. एक पाटी नाही. वर आदल्या दिवसाच्या माणसाचं नाव, जसं असायला पाहिजे तसं. मी एवढ्या जोरात ओरडले की माय उलथनं घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला. सीनियरना मी लगेच लिहिलं. त्यांनी नऊला विचारलं, "इतकं बारीक कसं शोधलंत?" मी उत्तर पाठवलं, "आईनं शोधलं. ती चारला उठते." त्यावर त्यांनी अंगठा नाही पाठवला, फोन केला, आणि मायशी बोलायला मागितलं. मायनं पदर सावरून फोन घेतला आणि त्यांना पहिला प्रश्न विचारला, "जेवण झालं का?"

मीटिंग दहाला, सोसायटीच्या ऑफिसात. पंचवीस-तीस माणसं, सतरंजी, भिंतीशी खतांच्या गोण्या. बाई मी एकटीच. चेअरमन म्हणाले, "सांग बाई, काय व्हयनं ते."

मी उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं. चूक सांगाड्याची नव्हती, फोनची नव्हती, गुरुजींची नव्हती. माझी होती. दिवस कधी सुरू होतो हे मी पाटकऱ्याला न विचारता ठरवलं. पाट्या कशा येत होत्या, मायनं काय बघितलं, सगळं सांगितलं. म्हशीचं सांगितलं तेव्हा एकजण मागून म्हणाला, "एक म्हैसनी फळा पुसा, दुसरीनी फोन सुधारा!" सगळे हसले.

आप्पा हसले नव्हते. ते म्हणाले, "तू इतली शिकेल शे, तुले सहानी पाळी माहीत नव्हती?"

"माहीत व्हती, आप्पा. इचारी नही."

"हं." त्यांनी गुरुजींकडे बघितलं. "आन् हाऊ मास्तर?"

गुरुजी उठून उभे राहिले, वर्गात मुलं राहतात तसे. "आप्पा, मी शाळेत चौथीच्या पोरांना शिकवतो की दिवस रात्री बारा वाजता बदलतो. त्याच नादात गेलो. माझं चुकलं."

"पोरस्ले तेच शिकाड," आप्पा म्हणाले. "पन पानीले नको शिकाडू. ते आयकत नही."

या वेळी आप्पाही हसले. गुरुजींनी तिथेच सांगून टाकलं की त्या चार सऱ्या भरायला ते आपल्या पुढच्या पाळीतून पाणी सोडतील, आणि व्हॉल्व्ह ते स्वतः फिरवणार नाहीत, पाटकरीच फिरवेल.

मग चेअरमननी हात वर करायला सांगितले. उन्हाळाभर पाळी फोनवर चालवायची, कोण तयार? हात वर गेले, मी मोजायच्या आधीच बरेच होते. आप्पांचा हात मांडीवरच. चेअरमन थांबले. आप्पांनी खिशातून आपला बटनांचा फोन काढला आणि सगळ्यांना दाखवला.

"मन्हा फोनमा हाई पान येत नही. माले पाळी कोन सांगई?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दाराजवळून वडिलांचा आवाज आला. "मी सांगसू, आप्पा. रोज सकायले तुम्हना बांधवरथून जास. हाक मारसू."

"सहाले?"

"सहाले."

"मंग साडेपाचले येऊ नको," आप्पा म्हणाले. "तवय तुन्ही पोरना कॉम्प्युटर जागा व्हस, मी नही." आणि त्यांनी हात वर केला.

चेअरमननी ठरावाची वही मागवली. लिहायचं काय, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले: या लाइनीवरील पाळी उन्हाळाभर फोनवरच्या पानाप्रमाणे चालेल, आणि सोसायटीचा दिवस सकाळी सहा वाजता सुरू होईल असे सर्वानुमते ठरले. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. सगळ्या जगाचा दिवस रात्री बाराला सुरू होतो आणि आमच्या गावानं ठराव करून तो सहावर आणला, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. वही फिरली, सह्या झाल्या. आप्पांना सहीला वेळ लागतो, चष्मा पुसावा लागतो, नाव लांब आहे. सगळे थांबले. वडिलांनी वही दोन्ही हातांनी धरून ठेवली, पान हलू नये म्हणून.